सायकलच्या चाकात हवा भरणारा जनावरांचा डॉक्टर

पावसाळा संपला की रविवारी सकाळी वज्रेश्वरीच्या रस्त्याला सायकलवाल्यांची रांग लागते. कुणी ठाण्याहून निघालेलं असतं, कुणी वसई-विरारहून, कुणी थेट मुंबईहून. हेल्मेट, चष्मे, लाखभराच्या सायकली. त्याच रस्त्यावर दुधाचे कॅन लावलेली काळी सायकलही जात असते. या दोन सायकलींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्हींच्या मालकांना एक प्रश्न सारखाच पडतो. चाकात हवा किती भरायची?

दुधवाला टायर अंगठ्याने दाबतो, मान हलवतो आणि निघतो. लाखाची सायकलवाला पंपावरचा काटा बघतो आणि टायरवर लिहिलेल्या सर्वात मोठ्या आकड्यापर्यंत हवा ठासतो. गंमत अशी की बऱ्याचदा दोघांपैकी दुधवाल्याचा अंदाज जास्त बरोबर असतो.

हे समजून घ्यायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. त्याचं नाव तुम्ही हजारदा वाचलंय, टायरवर, होर्डिंगवर, क्रिकेटच्या जुन्या जाहिरातींत. पण तो इंजिनिअर नव्हता, कारखानदार नव्हता आणि सायकलपटू तर अजिबात नव्हता. तो गायी-घोड्यांचा डॉक्टर होता. नाव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉपचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. घर शेतकऱ्याचं. पोरगा तब्येतीने नाजूक आहे असं घरच्यांचं मत होतं, त्यामुळे नांगर धरण्याऐवजी त्याला शिकायला पाठवलं गेलं. तो एडिंबराला गेला आणि जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन बाहेर पडला. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केलं आणि 1867 साली समुद्र ओलांडून आयर्लंडला आला. आधी डाऊनपॅट्रिक गावात भावाबरोबर दवाखाना टाकला, 1871 मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी लग्न केलं, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. पुढे बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर बस्तान बसवलं. 1880 नंतरच्या काळात त्याचा दवाखाना आयर्लंडमधल्या सर्वात मोठ्या दवाखान्यांपैकी एक होता.

म्हणजे पैशाची ददात नव्हती. वय पंचेचाळीसच्या पुढे, दाढी पांढरी व्हायला लागलेली, शहरात नाव. अशा माणसाने टायरच्या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण दोन गोष्टी त्याच्याकडे होत्या. एक म्हणजे रबराची ओळख. रबर कसं कापायचं, कसं चिकटवायचं, कुठे ताणायचं हे त्याच्या हाताला माहीत होतं. दुसरी गोष्ट म्हणजे खराब रस्त्यांचा अनुभव. जनावरांचा डॉक्टर दवाखान्यात बसून राहत नाही, त्याला गोठ्यापर्यंत जावं लागतं. आपल्याकडेही जायला लागतं. घोडागाडीत बसून दगडी रस्त्यांवर तो वर्षानुवर्षं हाडं खिळखिळी करून घेत होता.

त्या काळात चाक म्हणजे काय होतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. लाकडी नाहीतर लोखंडी चाक, त्यावर लोखंडाची धाव. सायकलीला फार तर भरीव रबराची पट्टी. आपल्या बैलगाडीच्या चाकावर बसून गावभर फिरल्यासारखं. बेलफास्टचे रस्ते ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचे, मध्येमध्ये ट्रामचे रूळ. डनलॉपचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि त्या रस्त्यावरून ती चालवताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा.

तर झालं असं की, ऑक्टोबर 1887 मध्ये डनलॉपने घराच्या अंगणात एक प्रयोग केला. साधारण 96 सेंटीमीटर व्यासाची एक गोल लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी बनवली, ती तबकडीभोवती गुंडाळली, वरून कापड लावून खिळ्यांनी ठोकली आणि नळीत हवा भरली. हवा भरायला फुटबॉलचा पंप वापरला असं सांगतात. मग एका हातात ही तबकडी आणि दुसऱ्या हातात जॉनीच्या सायकलचं भरीव रबराचं चाक घेऊन अंगणात दोन्ही ढकलून दिली.

भरीव चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक अंगण संपेपर्यंत गेलं, फाटकाच्या खांबाला धडकलं आणि उडी मारून मागे आलं.

या प्रयोगात सगळ्या टायरशास्त्राचं मूळ आहे, म्हणून जरा थांबू. डनलॉपला हवा होता गुबगुबीतपणा, मुलाच्या पाठीला आराम. हाती लागला वेग. मऊ चाक जास्त लांब गेलं! आपल्याला वाटतं कडक ते वेगवान आणि मऊ ते आळशी. गुळगुळीत लाद्यांवर ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण जमीन खडबडीत असेल तर कडक चाक प्रत्येक खड्याला धडकून वर उचललं जातं. चाकाबरोबर सायकल उचलली जाते, सायकलीबरोबर माणूस. पुढे जायची ताकद वरखाली उड्या मारण्यात खर्च होते. हवेचं चाक तो खडा पोटात घेतं, दबतं आणि पुन्हा फुगताना घेतलेल्या ताकदीतली बरीचशी परत देतं. वरचा माणूस जागच्या जागी राहतो.

1888 च्या सुरुवातीला जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या दोन चाकांना हे टायर लागले. मग मोठ्या सायकलला. दक्षिण बेलफास्टमधल्या चेरीव्हेल मैदानावर चाचण्या झाल्या. 7 डिसेंबर 1888 ला डनलॉपच्या नावावर पेटंट मंजूर झालं.

आता 1888 हे साल मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचं दुकान टाकलं. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात याच वर्षापासून मोजतो. लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण डोळ्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत हे कळलं, मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. ते मुंबईहून सायकली पाठवायचे, बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं. तिकडे बेलफास्टमध्ये चाकात हवा शिरत होती आणि इकडे आपल्याकडचा एक मोठा उद्योग सायकलवर बसून बाहेर पडत होता. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

परत बेलफास्टला येऊ. पेटंट मिळालं, पण लोक हसत होते. तेव्हाच्या सायकलींची चाकं सडपातळ, त्यात हे जाडजूड फुगलेलं वेटोळं म्हणजे चाकाला सॉसेज गुंडाळल्यासारखं दिसायचं. बेलफास्टमधल्या एडलिन कंपनीने अशा टायरच्या सायकली बनवायला घेतल्या आणि विली ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने त्यातली एक विकत घेतली. ह्यूम हा तिथल्या क्रूझर्स सायकल क्लबचा कॅप्टन. तो काही अजिंक्य वगैरे नव्हता. डनलॉपने त्याला सुचवलं की या टायरवर एखादी शर्यत लढव.

18 मे 1889. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजचे क्रीडा सामने. ह्यूम हवेच्या टायरवर मैदानात उतरला आणि सायकलींच्या चारही शर्यती जिंकला. थोड्याच दिवसांनी लिव्हरपूलला गेला, तिथे एक सोडून सगळ्या जिंकला. गवताचं, उंचसखल मैदान. बाकीचे भरीव रबरावर ठेचा खात होते आणि हा गडी तरंगत निघून जात होता.

हसणारे गप्प झाले. हरलेल्यांमध्ये हार्वी ड्यू क्रॉस या माणसाचे मुलगे होते. ड्यू क्रॉस हा आयर्लंडच्या सायकल संघटनेचा अध्यक्ष आणि पक्का धंदेवाईक. आपली पोरं कुणामुळे हरली हे त्याने बरोबर हेरलं आणि त्या टायरवाल्या डॉक्टरचं घर गाठलं. दोघांनी मिळून डब्लिनमध्ये कंपनी उभी केली. डनलॉपने पेटंटचे हक्क कंपनीला दिले, बदल्यात थोडी रोकड आणि थोडे शेअर घेतले.

इथे गोष्टीत एक मेलेला माणूस येतो.

पेटंट मिळाल्यावर दोन वर्षांनी डनलॉपला अधिकृतपणे कळवण्यात आलं की तुमचं पेटंट रद्दबातल आहे. कारण हीच कल्पना 1845 साली रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या एका तरुणाने नोंदवून ठेवली होती. इंग्लंडमध्ये, मग फ्रान्समध्ये, मग अमेरिकेत. थॉमसनही स्कॉटिशच. त्याने घोडागाडीच्या चाकांसाठी कातड्याच्या आवरणात रबराची हवाबंद नळी बसवली होती, लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ती चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा सायकलच नव्हती आणि पातळ रबर महाग होतं. कल्पना चाळीस वर्षं आधी आली आणि कागदात पडून राहिली. थॉमसन 1873 मध्ये वारला. डनलॉपने त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

माझ्या मते यात डनलॉपने कुणाचं चोरलं असं काही नाही. दोघांनी वेगवेगळं शोधलं. फरक एवढाच की दुसऱ्याच्या वेळेला जगाला त्याची गरज होती. पण कायद्याला हे कळत नाही, पेटंट गेलं ते गेलंच.

कंपनी वाचली ती ड्यू क्रॉसमुळे. डनलॉपचा टायर चाकाला कायमचा चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की कापड फाडा, नळी काढा, ठिगळ लावा, परत चिकटवा आणि वाळेपर्यंत बसून राहा. 1889 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशलिन बंधूंच्या कारखान्यात असाच एक पंक्चर झालेला पाहुणा आला होता. दुरुस्तीला काही तास आणि डिंक वाळायला रात्र गेली. त्यातून त्यांनी काढता-घालता येणारा टायर बनवला आणि 1891 च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ त्यावर पहिला आला. ब्रिटनमध्ये वेल्श आणि बार्टलेट या दोघांनी 1890 मध्ये टायर रिमला अडकवून ठेवायच्या वेगवेगळ्या युक्त्या काढल्या. ड्यू क्रॉसने या दोघांचेही हक्क विकत घेऊन टाकले. मूळ पेटंट गेलं तरी टायर बसवायच्या पद्धतीवर कंपनीचा ताबा राहिला.

आणि मग आला व्हॉल्व्ह. आपल्या साध्या काळ्या सायकलीत आजही तो आहे. त्याला इंग्रजीत डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात, वूड्स व्हॉल्व्हही म्हणतात. आपण वालट्यूब म्हणतो ती त्यातलीच. पितळेची पोकळ पिन, तिला कडेला बारीक भोक आणि वरून रबराची इवलीशी नळी. पंप मारला की हवा त्या नळीला बाजूला सारून आत शिरते, पंप थांबला की आतली हवाच नळीला भोकावर दाबून धरते. गावाकडच्या प्रत्येकाने लहानपणी वालट्यूब कधी ना कधी थुंकी लावून बसवली असेल. यात मेख अशी की या व्हॉल्व्हमधून आतला दाब नीट मोजता येत नाही. गेज लावलं तरी ती रबरी नळी मध्ये येते. म्हणूनच आपल्याकडे अंगठ्याने टायर दाबून बघायची पद्धत पडली आणि टिकली. जाड टायरला ती चालूनही जाते.

रोड बाइकला मात्र अंगठा पुरत नाही. तिथे टायर सडपातळ असतो, 60 पीएसआय आणि 90 पीएसआय बोटाला जवळजवळ सारखेच लागतात. बाय द वे, रोड बाइकचा व्हॉल्व्ह वेगळा, बारीक, वरची चकती सैल करून हवा भरायचा. त्याला प्रेस्टा म्हणतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर अगदी हलका असतो, तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. आणि ट्रकच्या टायरला हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर थेट लावत असाल तर जपून, सायकलच्या ट्यूबमध्ये मावणारी हवा इतकी थोडी असते की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती फुटू शकते.

आता आकड्यांकडे येऊ, कारण ह्यूम जिंकला त्यामागचं गणित इथेच आहे.

समजा तुमचं वजन 75 किलो. सायकल, बाटल्या, पिशवी मिळून 11 किलो. एकूण 86. यातलं साधारण 55 टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे 47 किलो. टायरमध्ये 80 पीएसआय हवा असेल तर ती दर चौरस सेंटीमीटरला साधारण साडेपाच किलो भार पेलते. म्हणजे मागचं चाक रस्त्याला जेमतेम साडेआठ चौरस सेंटीमीटर जागेत टेकलेलं असतं. अंगठ्याच्या ठशापेक्षा थोडं जास्त. हवा 110 पीएसआय केली की ती जागा सहा चौरस सेंटीमीटरवर येते. अंबाडी नाक्यापासून वज्रेश्वरीकडे वळताना, रस्त्यावर बारीक खडी पसरलेली असताना, तुमचा जीव त्या सहा चौरस सेंटीमीटरवर असतो.

मग हवा खूप कमी केली तर? तेही नाही. खड्ड्याची कड टायरला इतकी दाबते की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली की शेजारी-शेजारी दोन भोकांतून बुडबुडे येतात, साप चावल्यासारखे. काटा नाही, खिळा नाही आणि दोन भोकं असतील तर समजायचं की हवा कमी होती. शिवाय वळणावर टायर वळवळतो आणि रिमला पोचे येतात.

मधला आकडा शोधायचा कसा? अमेरिकेतले इंजिनिअर फ्रँक बर्टो यांनी अनेक टायरवर वजन ठेवून मोजमापं केली आणि एक ढोबळ नियम लोकप्रिय केला. तुम्ही बसल्यावर टायरची उंची साधारण 15 टक्के कमी व्हायला हवी. 28 मिलिमीटरच्या टायरला हे चार मिलिमीटर होतात. वरच्या 75 किलोच्या माणसाला 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे 90 च्या आसपास, 28 ला 75 ते 80, 32 ला 60 ते 65. पुढच्या चाकावर भार कमी असतो म्हणून तिथे मागच्यापेक्षा आठ-दहा कमी. वजन जास्त असेल तर वाढवा, कमी असेल तर घटवा. हे फक्त सुरुवातीचे आकडे आहेत. तिथून दर राइडला तीन-चार पीएसआय कमी करत जा. हँडलमधली थरथर कमी झाली आणि खड्ड्यात रिम ठोकली जात नाही, अशा जागी थांबा.

टायर जाड झाला की हवा कमी लागते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. कारण असं की जाड टायरमध्ये तेवढ्याच दाबाने कडांवर ताण जास्त येतो, म्हणून तो जास्त टणक लागतो. त्यामुळे 23 च्या टायरचे आकडे 32 मध्ये भरू नका. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. आणि तुमची रिम हुकलेस प्रकारची असेल तर तिथे मर्यादा 5 बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयची. टायरवर काहीही लिहिलेलं असो, ती ओलांडली तर टायर रिममधून सुटू शकतो. नवी सायकल घेणाऱ्याने दुकानदाराला हे एकदा विचारून घ्यावं, चालत्या सायकलीचा टायर उतरायला नको.

वज्रेश्वरीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. शिरसाड फाट्यावरून आत येणारा रस्ता असो की भिवंडी-अंबाडीकडचा, रस्ता कुठे गुळगुळीत आणि कुठे चाळण. भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे तर दरवर्षी बातम्यांत असतात. अशा वेळी आकडा रस्त्याच्या वाईट भागाला बघून ठरवायचा, चांगल्या भागाला बघून नव्हे. दुसरी गोष्ट उन्हाची. पहाटे 25 अंशांत 80 पीएसआय भरलं, वर देवीचं दर्शन घेतलं, अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसलात, तोवर उन्हात उभ्या सायकलीचा टायर 45 अंशांवर गेला तर आतला दाब 86 च्या घरात जातो. मर्यादेला टेकून भरलेलं असेल तर हे सहा पीएसआय महागात पडतात. सायकल सावलीत लावा. पावसात ओल्या रस्त्यावर पाचेक पीएसआय कमी ठेवा. आणि साध्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपत असते, त्यामुळे गेल्या रविवारी भरलेली हवा या रविवारी तेवढीच असेल असं धरू नका.

हे सगळं डनलॉपच्या अंगणातल्या प्रयोगातच होतं. तरी सायकलजगताने मध्ये बरीच वर्षं ते विसरल्यासारखं केलं. शर्यतींचे टायर 23, 21, अगदी 19 मिलिमीटरपर्यंत बारीक झाले आणि त्यात 120 पीएसआय हवा ठासली जाऊ लागली. कडक तेवढं वेगवान, असा समज. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोजमापं झाली आणि तूर द फ्रान्सवाले व्यावसायिक खेळाडूही 28 आणि त्याहून जाड टायरवर, कमी हवेवर आले. त्यांना हे गुळगुळीत युरोपियन डांबरावर पटलं. आपण अजून 110 पीएसआय भरून खडीवरून जातोय.

तर डनलॉपचं पुढे काय झालं?

कंपनी वाढत गेली. डब्लिनमध्ये कारखान्याच्या शेजाऱ्यांनी रबर आणि नॅप्थ्याच्या वासाबद्दल तक्रारी केल्या, महापालिका मागे लागली आणि कारखाना इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला हलला. डॉक्टरचा जीव त्या धंद्यात रमला नाही. 1895 मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला.

आणि पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, सायकलची लाट शिगेला पोचली. टेरा हूली नावाच्या फायनान्सरने कंपनीचा सगळा सायकल-टायरचा धंदा 30 लाख पौंडांना घेतला, संचालक मंडळावर सरदार-जहागीरदार बसवून कंपनी सजवली आणि लोकांना 50 लाख पौंडांना विकली. या रकमेतला मोठा वाटा ज्याच्या नावावर हे सगळं उभं होतं त्याला मिळाला नाही. तो तोवर बाजूला झाला होता.

या लाटेची एक काळी बाजूही आहे आणि ती वगळून गोष्ट सांगणं बरोबर होणार नाही. टायरला रबर लागायचं आणि ते जंगलातून यायचं. काँगो तेव्हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या खासगी मालकीचा होता. रबराचा कोटा भरला नाही म्हणून तिथल्या माणसांवर जे अत्याचार झाले, त्यांनी पुढे सगळं जग हादरलं. जॉनीच्या पाठीला आराम देणाऱ्या शोधाची एवढी मोठी किंमत कुणीतरी दुसऱ्याच खंडात मोजत होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीचं नाव डनलॉप रबर झालं. मोटारी आल्या, विमानं आली, सगळ्यांच्या चाकांवर हे नाव गेलं. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण 1923 मध्ये सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि 1928 मध्ये परतले, ते शक्य झालं कारण चाकातल्या हवेची गोष्ट तोवर जगभर पोचली होती. 1936 मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठच्या साहागंजला डनलॉपचा टायर कारखाना उभा राहिला. पुढे भारतीय घरांत टायर म्हणजे डनलॉप असं समीकरण झालं. उशीची गादी असते तशी डनलॉपची गादीही आली, ती याच कंपनीच्या फोम रबरवरून.

डॉक्टर डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात राहत होता आणि कापडाच्या धंद्यात लक्ष घालत होता. म्हातारपणी त्याच्या नशिबी एक विचित्र प्रसंग आला. कंपनीने जाहिरातींत त्याचं चित्र वापरायला सुरुवात केली. चेहरा आणि पांढरी दाढी त्याची, पण अंगावर छानछोकीचे कपडे, उंच टोपी, एखाद्या छैलछबिल्यासारखा थाट. साध्या राहणीचा, आयुष्यभर गोठ्यांतून फिरलेला हा माणूस चिडला. आपली टिंगल चालली आहे असं त्याला वाटलं. वयाच्या ऐंशीच्या घरात त्याने स्वतःच्याच नावाच्या कंपनीला कोर्टात खेचलं. कंपनी इंग्लंडची, दावा आयर्लंडमध्ये, मग आयर्लंडच्या कोर्टाला हा दावा चालवता येतो का, यावर वाद होत होत प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. कायद्याच्या पुस्तकांत ते आजही डनलॉप विरुद्ध डनलॉप म्हणून सापडतं.

विचार करा, नाव विकून झालं होतं, पेटंट गेलं होतं, करोडोंचा धंदा दुसऱ्याच्या हातात होता. या कशासाठीही त्याने एवढा मोठा झगडा केल्याचं दिसत नाही. भांडला तो चेहऱ्यासाठी.

23 ऑक्टोबर 1921 रोजी बॉल्सब्रिजच्या घरी तो वारला. डब्लिनजवळच्या डीन्स ग्रेंज स्मशानभूमीत त्याची कबर आहे. हवेच्या टायरचा इतिहास त्याने स्वतः लिहून ठेवला होता, तो त्याच्या मागे पुस्तकरूपाने आला. उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्दर्न बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं, दाढीसकट आणि उंच टोपीशिवाय. त्याने बनवलेला सुरुवातीचा एक टायर एडिंबराच्या संग्रहालयात आहे. त्याच शहरात तो जनावरांचा डॉक्टर झाला होता.